तिसऱ्या डोंगरावरचा डाग

१२ जानेवारी

प्रिय कीसबाई,

सोबत कॅमेऱ्याचं कार्ड पाठवतोय. त्यात अकरा फोटो आहेत, सगळे आईच्या घराच्या मागच्या व्हरांड्यातून काढलेले. तीन आठवडे स्टँड तिथून हलवला नाही. आई रोज विचारायची, "हा तीन पायांचा पाहुणा जाणार कधी?"

एका कंपनीला ऑफिसच्या भिंतीवर लावायला आणि एका छापील पुस्तकात घालायला डोंगर हवे आहेत. पुस्तक तुमच्याच छापखान्यात छापणार, म्हणून म्हटलं घरचंच माणूस असू दे. रंगीत फोटो अगदी टाकाऊ आलेत, अंघोळीनंतरच्या आरशात बघितल्यासारखे. पण काळेपांढरे केलेस तर एकामागे एक डोंगर, मध्ये धुकं, आणि साहेब लोक खूश. तुला जमतं ते. फक्त फार विचार करू नकोस. तुझ्या हातात फोटो दिला की तू त्याच्यावर चौकशी समिती नेमतेस.

आई बरी आहे. खोकते, पण बोलायची थांबत नाही, त्यामुळे काळजीचं कारण नसावं. उत्तर पत्रानेच दे. फोनवर आपण भांडतो, कागदावर जरा माणसांत असतो.

तुझा,
दादा

*

२० जानेवारी

प्रिय दादा,

कार्ड पोचलं. चार दिवस तुझ्या डोंगरांबरोबर काढले. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मला मळमळलं.

आम्ही बावीस वर्षं या खुर्चीत बसून पंपांचे, पुढाऱ्यांचे आणि नवराबायकोंचे फोटो नीटनेटके करतो. किळस यावी असं काही आमच्याकडे येत नाही असं नाही. पण धुक्याची किळस मला कधी आली नव्हती. धुकं कसं निळसर असतं, दुधात पाणी घातल्यासारखं. तुझ्या फोटोतलं पिवळट तपकिरी आहे, आजाऱ्याच्या खाटेखालच्या भांड्यातल्यासारखं. माझ्या मागच्या टेबलावर अक्षरजुळणीवाले काका डबा खात होते. वळून स्क्रीन पाहिली आणि म्हणाले, "ताई, ते जरा झाका हो. जेवतोय." मी झाकलं, म्हणजे फोटोतला रंग काढून टाकला. तेवढ्याने काकांचं जेवण सुरळीत झालं.

आता कामाचं. रंगीत फोटोच्या पोटात तीन काळेपांढरे फोटो असतात: एक लाल रंगाचा, एक हिरव्याचा, एक निळ्याचा. काळंपांढरं करताना या तिघांतलं कोण किती घ्यायचं एवढंच आमचं कौशल्य. नेहमीचं धुकं निळ्यात दाट असतं आणि लालमध्ये विरळ. तुझं धुकं उलटं वागतं. निळ्यात मळकं, लालमध्ये पांढरं. असं मी यापूर्वी एकदाच पाहिलं होतं, पिठाच्या गिरणीच्या फोटोत. मी लाल जास्त घेतला, त्यामुळे धुकं कापसासारखं झालं आहे. सुंदर दिसतं, हे मला मान्य करायला नको वाटतं, पण दिसतं.

दुसरी गोष्ट. उजवीकडच्या तिसऱ्या डोंगरावर एक फिकट डाग आहे, साधारण चौकोनी, कडा विरघळलेल्या. आधी वाटलं डोंगरावरच काही असेल. मग अकरा फोटो एकावर एक ठेवून पाहिले. डाग अकराही फोटोंत तंतोतंत एकाच जागी. म्हणजे दोष डोंगराचा नाही, काचेचा. तुझ्या त्या जुन्या लेन्सला बुरशी लागली आहे हे मी किती वर्षं सांगतेय? अकराही फोटोंतून डाग काढला. शेजारच्या दुसऱ्या डोंगराचा उतार थोडाथोडा उचलून तिथे बसवला. शिवण दिसत नाही, मीच शोधायला गेले तर मलाच सापडली नाही. आता कृपा करून लेन्स साफ करून घे.

एक विचारायचं आहे आणि तू हसशील. ते धुकंच आहे ना? डायरीत मी कालपासून हे तीनदा लिहिलं आहे. मावशी खोकते असं तू लिहिलंस म्हणून विचारते.

तुझी,
कीसबाई (हे नाव तूच ठेवलंस, आता भोग)

*

२७ जानेवारी

प्रिय कीसबाई,

हसलो. फोटो पाहून मात्र हसू थांबलं. अगं, काय केलंस हे. मोठे साहेब पडद्यासमोर बराच वेळ नुसते उभे होते. मग म्हणाले, "अशी माणसं हवीत." तुझं नाव विचारलं. मी सांगितलं नाही, नाहीतर तू त्यांनाही चार प्रश्न पाठवशील.

लेन्सचं बघतो. डाग काढलास ते बरंच झालं.

आणि धुकं म्हणजे धुकं गं. थंडीचे दिवस आहेत. आई उद्यापासून खोकायची थांबली तर तुला तार करतो.

दादा

*

१८ मार्च

चि. पोरीस,

तुला पत्र लिहून बरेच महिने झाले. हात थरथरतो, पण अक्षर अजून तुझ्यापेक्षा बरं आहे.

दादाने तुला काय सांगितलं आणि काय नाही ते मला माहीत नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगते. डोंगरापलीकडे दगडाची खाण होती, ती तू पाहिली आहेस. दोन वर्षांपूर्वी ती डोंगर खाऊन अलीकडे आली. उजवीकडचा तिसरा डोंगर आता अर्धा कापलाय, पायऱ्या पाडल्यासारखा. खाली दगड फोडायचं यंत्र दिवसभर चालतं. त्याची पूड सगळीकडे बसते. पाण्याच्या भांड्यावर साय धरते तशी धरते. उशीवर डोकं ठेवलं की कचकचतं. घास चावला की दातांत वाळू. चाळीस वर्षं दवाखान्यात नर्स होते, लोकांचे कफ पाहण्यात हयात गेली, मला कशाची किळस येत नसे. आता माझाच रुमाल उघडून बघवत नाही.

खाणवाल्यांना हद्द आणखी अलीकडे आणायची आहे. नव्या नकाशात माझं घर हद्दीच्या आत आहे. त्यावर परवा जाहीर सुनावणी झाली. आम्ही नऊ घरचे गेलो. मी उभी राहून सांगितलं की डोंगर कापलाय, माझ्या मागच्या व्हरांड्यातून उघडा दिसतो. तर त्यांच्या वकिलाने एक फोटो पडद्यावर लावला. काळापांढरा, भिंतीएवढा. माझ्याच व्हरांड्यातून काढलेला. कठड्याचा मोडका कोपरासुद्धा होता. आणि डोंगर अख्खा.

वकील म्हणाला, "बाई, हा फोटो यंदाच्या जानेवारीतला आहे. काढणारे आपलेच चिरंजीव आहेत ना?"

मी म्हटलं, "काढणारा माझा आहे, डोंगर माझा नाही."

लोक हसले. मागून कोणी म्हणालं, "म्हातारीला मोतीबिंदू झाला असेल." शेजारची दूधवाली एकटी ओरडली त्यांच्यावर. मी खाली बसले. दादा दाराशी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी येऊन मी व्हरांड्यात उभी राहिले. त्या वयात आले आहे की स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यायला वेळ लागत नाही. पण डोंगर कापलेलाच आहे, पोरी.

असले फोटो तू करतेस, म्हणून विचारते. डोंगर पुन्हा उगवतो का?

पुढची तारीख नऊ एप्रिल.

तुझी,
मावशी

*

२४ मार्च

दादा,

तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस की तीन आठवडे स्टँड हलवला नाही. मी ते वाचलं होतं. स्टँड हलला नाही तर काचेवरचा डाग जसा एका जागी राहतो तशी खाणही एका जागी राहते, हे शाळेतल्या मुलालाही कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मी फार बारकाईने पाहत होते. अकरा फोटो एकावर एक ठेवून पाहण्याचा मला केवढा अभिमान वाटला होता. मी मावशीच्या दारातला डोंगर शिवला, शिवण लपवली, आणि तुला लेन्स पुसायचा उपदेश केला.

आज सकाळी ती फाइल पुन्हा उघडली. तिसऱ्या डोंगरावर मी बसवलेला उतार पाहिला. इतका सफाईदार आहे की मला उठून बेसिनपाशी जावं लागलं. खोटं काम वाईट झालं असतं तर निदान कोणीतरी पकडलं असतं.

हे माझ्यापुरतं झालं. आता तुझं. मी तुला सरळ लिहिलं होतं, उजवीकडच्या तिसऱ्या डोंगरावर चौकोनी डाग आहे, तो मी काढला. मी बुरशी म्हटलं. तुला माहीत होतं ते काय आहे. तू लिहिलंस, "डाग काढलास ते बरंच झालं." या एका ओळीची मला जेवढी शिसारी येते तेवढी त्या पिवळ्या धुक्याचीही आली नव्हती. तू खोटं बोलला असतास तर समजू शकले असते. तू माझ्या चुकीला नुसतं बसायला पाट दिलास.

मावशीला भर सभेत हसण्यावारी नेलं आणि तू दाराशी उभा होतास.

उत्तर दे. विनोद नकोत.

*

३० मार्च

ताई,

विनोद नाहीत.

तुझं जानेवारीतलं पत्र आलं तेव्हा दोनदा कागद घेतला, खरं लिहायला. दोनदा फाडला. तोवर फोटो खाणीच्या साहेबांना आवडले होते आणि पुस्तक छापायला जाणार होतं. मला वाटलं, पुस्तकात एक डोंगर अख्खा दिसला तर कोणाचं काय जातं? सुनावणीत लावतील हे मला माहीत नव्हतं. हे खरं आहे. मान किंवा मानू नकोस.

दुसरंही खरं आहे. लावलेलं पाहिलं तेव्हा मी बोललो नाही. आईची नजर टाळली आणि मला वाटलं, होऊन जाऊ दे. हद्द आली की तिला घर सोडावंच लागेल आणि ती माझ्याकडे राहायला येईल. चार वर्षं मी तिला सांगतोय, ये. ती म्हणते, मेल्यावर येईन. तू तिचा रुमाल पाहिला नाहीस. मी दर रविवारी पाहतो. तिला त्या हवेतून बाहेर काढायचा दुसरा रस्ता मला दिसला नाही. घाणेरडा रस्ता आहे. दुसरा असेल तर दाखव.

आणि एक. तू शेवटची तिथे येऊन नऊ वर्षं झाली. एकदा जरी आली असतीस, तर बुरशी आणि खाण यातला फरक तुला खुर्चीत बसून शोधावा लागला नसता.

दादा

*

२ एप्रिल

माननीय सुनावणी अधिकारी यांस,

खाणीची हद्द वाढवण्याच्या सुनावणीत दाखवलेला डोंगरांचा काळापांढरा फोटो मी तयार केला आहे. मी छापखान्यात फोटो दुरुस्त करण्याचं काम करते. मूळ रंगीत फोटोत तिसऱ्या डोंगरावर फिकट चौकोनी भाग दिसतो. तो लेन्सवरचा डाग आहे असं समजून मी तो काढला आणि त्या जागी दुसऱ्या डोंगराचा उतार बसवला. चूक माझी आहे. मला तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं. परंतु मी डाग काढल्याचं फोटो काढणाऱ्याला लेखी कळवलं होतं, ते पत्र त्यांच्याकडे असेल.

सोबत अकरा मूळ फोटो जोडले आहेत. सभेत दाखवलेल्या फोटोतलं धुकंही मी पांढरं केलं आहे. ते मुळात पांढरं नाही.

ज्या वृद्ध बाईंना सभेत मोतीबिंदू झाल्याचं म्हटलं गेलं त्या माझ्या मावशी आहेत. त्यांची दृष्टी चांगली आहे. दोष माझ्या पाहण्यात होता.

*

२१ एप्रिल

चि. पोरीस,

तुझा कागद नऊ तारखेला वाचून दाखवला. कागद आला, तू आली नाहीस. असो. तुम्हा दोघांनाही कागद बरा वाटतो.

वाचून झाल्यावर वकील हसला. म्हणाला, "जी बाई एक फोटो बदलते ती दुसराही बदलेल. यातला खरा कोणता धरायचा?" मला वाटलं, संपलं. तुझ्या खरेपणाने तुझे दोन्ही फोटो गेले. पण अधिकारी बाई बसल्या होत्या, तुझ्याच वयाच्या, चष्मा सारख्या पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "मग मी फोटो बघतच नाही. डोंगर बघते." आणि सोळा तारीख दिली.

आता मजा ऐक. खाणवाल्यांनी चौदापासून यंत्र बंद ठेवलं. रस्त्यावर पाणी मारलं. कडेच्या झाडांची पानंसुद्धा नळीने धुतली. दूधवाली म्हणाली, "मावशी, माझ्या म्हशीलाही धुवून देतील का विचारा." हवा शुद्ध आहे हे बाईंना दाखवायचं होतं. दोन दिवसांत आभाळ असं निवळलं की मला माझ्या तरुणपणची आठवण आली. मी दोन रात्री न खोकता झोपले.

सोळाला सगळे माझ्या व्हरांड्यात आले. मॅनेजर पुढे होऊन म्हणाला, "मॅडम, हवा बघा. काही धूळ दिसते का?"

बाई म्हणाल्या, "नाही. लांबचंसुद्धा दिसतंय."

आणि दिसतच होतं. इतके दिवस धुळीमुळे तो कापलेला डोंगर मलाही अंधुक दिसायचा. त्या दिवशी एकेक पायरी मोजता येत होती. चौदा आहेत. सोलून ठेवलेल्या जनावरासारखा डोंगर. मॅनेजरने मान फिरवली आणि माझ्याकडे प्यायला पाणी मागितलं. दिलं. झाकण काढून त्याला भांड्यावरची पूड आधी दाखवली, मग दिलं. त्याने घेतलं नाही.

बाईंनी दादाला विचारलं, "फोटो तुम्ही काढलात?" तो म्हणाला, "हो." "डोंगर असा आहे हे तुम्हाला माहीत होतं?" त्याने कठड्याचा मोडका कोपरा हाताने चाचपला. मग म्हणाला, "हो. आणि बहिणीने डाग काढल्याचं मला कळवलं होतं. पत्र आहे." एवढं बोलून तो आत जाऊन बसला. माझ्याशी बोलला नाही, मीही बोलले नाही. जाताना मात्र त्याला ताट वाढलं.

काल निकाल आला. या बाजूला हद्द वाढणार नाही. घर राहिलं. असलेली खाण मात्र चालू राहील, ती आधीच्या परवान्यातली आहे. सोळालाच बाईंची गाडी वळणावर दिसेनाशी व्हायच्या आत यंत्र सुरू झालं होतं. संध्याकाळी उशी झटकली.

मावशी

*

५ मे

ताई,

कंपनीचं काम गेलं. गेलं ते बरं झालं असं म्हणायची माझी तयारी व्हायला थोडे दिवस लागतील.

आई अजून येत नाही. आता तर तिला जिंकल्याचा माज आहे. तिला म्हटलं, घर वाचलं, फुप्फुसांचं काय? म्हणते, "ती घराबरोबरच राहतील." दर रविवारी जातो. एकदा सगळी भांडी घासून दिली. ती मागे उभी राहून चुका काढत होती, म्हणजे बोलणं सुरू झालं असं धरतो.

सोळा तारखेला, सगळे निघून गेल्यावर, पूड पुन्हा उडायच्या आत, मी त्याच जागेवरून सहा फोटो काढले. सोबत कार्ड आहे. इथल्या एका संस्थेला प्रदर्शनात लावायचे आहेत, लोकांना दाखवायला. ते म्हणाले काळेपांढरे करा, परिणाम जास्त होईल. तू करशील का? या वेळी काही काढायचं नाही, काही घालायचं नाही.

दादा

*

१२ मे

प्रिय दादा,

कार्ड पोचलं. मागची पत्रं मी रागात लिहिली आणि त्यातलं काही मागे घेत नाही, पण तू सोळा तारखेला सगळ्यांसमोर हो म्हणालास, हे मी डायरीत लिहून ठेवलं आहे. नऊ वर्षांचंही लिहिलं आहे. तुझं ते वाक्य खरं होतं, म्हणून इतकं लागलं.

फोटो त्याच दिवशी काळेपांढरे करून पाहिले. काही काढलं नाही, काही घातलं नाही. तिघांतलं कोण किती घ्यायचं एवढंच ठरवलं. या वेळी निळा घेतला. आकाश उजळ झालं, झाडी काळीभोर झाली, आणि त्या चौदा पायऱ्या मध्ये उजेडाच्या जिन्यासारख्या चढत गेल्या. काका डबा घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "वा. कुठलं मंदिर आहे हो?" आणि तिथेच उभं राहून जेवू लागले.

मला लाज वाटते ती याची, की काका बोलायच्या आधी माझ्याही मनात तेच आलं होतं. वा, असं. मावशीचा रुमाल, उशी, भांड्यावरची साय, सगळं ठाऊक असताना. मी पुन्हा एकदा काहीच खोटं न करता ते सुंदर करून ठेवलं होतं. या हाताचं काय करावं मला कळत नाही.

ते सहाही पुसून टाकले. संस्थेला रंगीत पाठवते आहे. पण तुझे सोळा तारखेचे नाहीत, धुतलेल्या हवेतले. जानेवारीतले, पहिले अकरा, जसे आले तसे, डागासकट आणि त्या रंगासकट. भिंतीएवढे लावायला सांग. परिणाम कमी झाला तरी चालेल. समोर उभं राहून कोणाला डबा खाववला नाही म्हणजे झालं.

शनिवारी मावशीकडे पोचते. आधी कळवू नकोस, ती उशा धुवून ठेवील.

तुझी,
ताई